हृदयशस्त्रक्रियेनंतर लेकराला उठवावे कसे, उचलावे कसे?

नागपुरातील रुग्णालयांत हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी येणारी मुले केवळ शहरातली नसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि राज्याच्या सीमेपलीकडील छिंदवाडा-बालाघाट येथूनही ती येतात. शस्त्रक्रिया कशी झाली हे डॉक्टर सांगतात. मात्र त्यानंतर मुलाला कुशीवर कसे वळवायचे, कसे बसवायचे, कसे उचलायचे, हे पालकांना पुष्कळदा शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या दुसऱ्या आईकडूनच कळते. या विषयावर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली असून बालरुग्णांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने त्यांना उत्तरे दिली आहेत. नावे छापू नयेत, अशी बहुतेकांची विनंती असल्याने फक्त ठिकाण दिले आहे.

प्रश्न : हृदयातील छिद्र बंद करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझी पाच वर्षांची मुलगी आयसीयूत होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी सिस्टर तिला खुर्चीत बसवू लागल्या. सासूबाई घाबरल्या, ‘टाके उघडतील, निजू द्या तिला’ म्हणाल्या, आणि मीही सिस्टरांना थांबवले. इतक्या लवकर हालचाल करणे खरोखर आवश्यक असते का?
— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे. आजारी माणसाने पडून राहावे, ही आपल्याकडची जुनी समजूत. आणि एवढ्याशा छातीवर गळ्याखालपासून खालपर्यंत गेलेली पट्टी दिसली की ती समजूत अधिकच पक्की होते. परंतु डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरही मूल पडूनच राहिले, तर त्या पडून राहण्याचेच दुष्परिणाम सुरू होतात.

अशा शस्त्रक्रियेत काही वेळ हृदय आणि फुप्फुसे यांचे काम हार्ट-लंग मशीनकडे असते आणि त्या काळात फुप्फुसे पूर्णपणे फुगत नाहीत. पुढे भुलीचा परिणाम, व्हेंटिलेटरची नळी आणि छातीतील वेदना यांमुळे मूल उथळ श्वास घेते व खोकणे टाळते. उताणे पडून राहिल्यास फुप्फुसांच्या मागच्या व खालच्या भागात हवा पोहोचत नाही, तेथे कफ साठतो, तो भाग मिटतो. मग ताप येतो आणि ऑक्सिजन सुटता सुटत नाही. मुलाला बसते केले की पोटाचा दाब खाली सरकतो, श्वासपटल मोकळे होते आणि औषधाशिवाय श्वास खोल जाऊ लागतो. वेदनाशामक औषधांमुळे होणारी बद्धकोष्ठता, पायांतील शक्ती जाणे, डोक्याच्या मागे व टाचांवर होणाऱ्या दाबाच्या जखमा आणि दिवस-रात्रीचा विसर पडून मुलाने असंबद्ध बडबडणे, या सगळ्यांवर वेळेवर सुरू केलेल्या हालचालीचा उपयोग होतो.

आता टाक्यांविषयी. मधोमध कापलेले छातीचे हाड मोठ्या मुलांमध्ये बहुधा स्टीलच्या तारांनी व लहान बाळांमध्ये मजबूत धाग्यांनी बांधलेले असते. ते जुळून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. सरळ बसल्याने, उभे राहिल्याने किंवा सावकाश चालल्याने ही बांधणी सुटत नाही. तिच्यावर ताण येतो तो मुलाला एका हाताला धरून ओढल्याने, काखेत हात घालून उचलल्याने, पडल्याने किंवा जड वस्तू उचलल्याने. म्हणजे सासूबाईंनी जपायला हवे ते उठवण्याच्या पद्धतीला. उठवणेच थांबवायचे कारण नाही.

मात्र ‘दुसरा दिवस’ हा काही सर्वांना लागू होणारा नियम नाही. रक्तदाब टिकवण्यासाठी मोठ्या मात्रेत औषधे चालू असतील, ठोके अनियमित असतील, छातीच्या नळीतून रक्त येत असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर काही नवजात बाळांची छाती सूज उतरेपर्यंत मुद्दाम उघडी ठेवलेली असते. त्यांना वळवायचे की नाही, आणि वळवायचे तर कसे, हे तेथील चमूच ठरवतो, नातेवाइकांनी हातही लावू नये. इतर मुलांबाबत पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी अंथरुणातच कूस बदलणे व हातपाय हळूहळू हलवणे, मग खाटेची डोक्याकडची बाजू उंच करणे, मग खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसणे, त्यानंतर खुर्ची, उभे राहणे, स्वच्छतागृहापर्यंत चालणे आणि शेवटी वॉर्डातील फेऱ्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात अशा टप्प्याटप्प्याच्या हालचालीचा ‘पीआयसीयू अप’ हा कार्यक्रम राबवला आणि २०१६ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. मुलाची त्या दिवशीची प्रकृती पाहून त्याचा टप्पा ठरवायचा आणि रोज नव्याने ठरवायचा, हे त्यातील सूत्र कोणत्याही वॉर्डात पाळता येण्याजोगे आहे.

एक खबरदारी उभे करतानाची. या मुलांना लघवी वाढवणारी औषधे चालू असतात आणि पाणी मोजून दिले जाते, त्यामुळे एकदम उभे केल्यास चक्कर येते. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटे बसू द्यावे, चेहरा पाहावा, मगच उभे करावे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हाला घाबरून पालक गुपचूप जास्तीचे पाणी किंवा संत्र्याचा रस पाजतात, तसे करू नये. तहान फार लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : आमचे बाळ सात महिन्यांचे आहे. शस्त्रक्रिया होऊन ते आता वॉर्डात आले आहे. त्याला हातात घ्यायलाच भीती वाटते. घरी गेल्यावर आई त्याची मालीश करून पायांवर आंघोळ घालणार आणि झोळीत निजवणार. यातले काय चालेल?
— एक वडील, काटोल

उत्तर : बाळाला उचलण्याची आपली सवय काखेत हात घालून वर घेण्याची आहे, आणि नेमकी तीच काही आठवडे सोडायची आहे. काखेतून उचलले की बाळाचा सगळा भार दोन्ही खांद्यांतून छातीच्या हाडावर येतो. त्याऐवजी एक हात मान व खांद्यांच्या खाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून, बाळ ओंजळीत आल्याप्रमाणे, संपूर्ण एकदम उचलावे. उचलण्यापूर्वी खाटेवर वाकून बाळाला आपल्या शरीराच्या जवळ आणावे. हात लांब ठेवून उचलताना पकड सुटते. खाली ठेवताना आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोके. दोन्ही मनगटे धरून बाळाला उठून बसायला लावण्याचा खेळ घरोघरी चालतो, तो तूर्त बंद. हवेत उडवून झेलणे तर कोणत्याच बाळाबाबत नको.

खांद्यावर घेऊन ढेकर काढताना जखम आपल्या खांद्याच्या हाडावर घासते. बाळाला मांडीवर किंचित पुढे झुकवून, हनुवटी व छातीची वरची बाजू तळहातावर हलकेच पेलून पाठीवरून हात फिरवला तरी ढेकर येतो. हा हात जखमेवर दाबला जाणार नाही, एवढे पाहावे. कडेवर घ्यायचे झाल्यास एक हात कुल्ल्यांखाली व दुसरा पाठीमागे असावा. नुसते कमरेवर बसवून एका हाताने दंड पकडायचा, ही आपली घाईची पद्धत नको.

आता आजींच्या मालिशीविषयी. विदर्भात बाळाला तेल लावून, हात छातीवर आडवे-उभे फिरवून, उजवा हात डाव्या पायाला लावून व्यायाम देण्याची रीत आहे. काही ठिकाणी शेवटी बाळाला पायांना धरून उलटे लोंबकळवतात, काही ठिकाणी हाताला धरून झुलवतात. हे लोंबकळवणे कायमचेच थांबलेले बरे. हात छातीवरून ओढून फुली करण्याचा प्रकार हाड जुळेपर्यंत टाळावा. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत छातीवर तेल, हळद, पावडर काहीही लावू नये. पाय, पाठीचा खालचा भाग आणि तळवे यांवरून हलका हात फिरवायला हरकत नाही. आजींचा हात बाळाला लागणे चांगलेच आहे. पायांवर पालथे घालून आंघोळ घालताना छातीचा भार थेट आजींच्या नडगीवर येतो, म्हणून तीही पद्धत काही आठवडे नको. ओल्या कापडाने पुसून घेणे, आणि परवानगी मिळाल्यावर बाळाला उताणे किंवा बसते धरून पाणी घालणे सुरक्षित.

झोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : नको. साडीच्या झोळीत बाळ धनुष्यासारखे वाकते, खांदे आत दाबले जातात, हनुवटी छातीला टेकते आणि त्याचा श्वास कसा चालला आहे हे बाहेरून दिसत नाही. सपाट, कडक गादीवर उताणे निजवावे. जागे असताना पालथे घालण्याबाबत शल्यविशारदांची मते वेगवेगळी असतात. कोणी लवकर परवानगी देतात, कोणी हाड जुळेपर्यंत थांबवतात. त्यामुळे सुट्टी घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारून उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या. तोपर्यंत मान व पाठ यांना काम मिळावे म्हणून बाळाला मांडीवर टेकवून बसवा, खुळखुळा कधी डावीकडे, कधी उजवीकडे धरा, पाय मोकळेपणी मारू द्या. शस्त्रक्रियेनंतर काही बाळे रांगण्या-बसण्यात मागे पडल्यासारखी वाटतात. एवढ्यावरून घाबरू नका, पण पुढच्या तपासणीत ते सांगा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीतून दोन नळ्या बाटलीत सोडल्या आहेत, मानेत सुई आहे आणि पोटाजवळून निघालेल्या तारा एका छोट्या यंत्राला जोडल्या आहेत. काही निसटेल या धास्तीने तो कूससुद्धा बदलत नाही. आम्हीही त्याला ‘हलू नको’ असेच सांगतो.
— एक आई, कामठी

उत्तर : ‘हलू नको’ ऐवजी ‘थांब, आधी नळ्या पाहू’ असे सांगा. सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट उपस्थित नसताना इतक्या नळ्या असलेल्या मुलाला खाटेवरून उतरवू नये. ते आल्यावर आधी प्रत्येक नळी कोठून निघते, कोठे जाते आणि किती लांब आहे हे डोळ्यांनी मोजायचे. यंत्रे व बाटल्या ज्या बाजूला असतील, त्याच बाजूने मुलाला उतरवायचे.

बाटलीतील पाणी हवा परत छातीत जाऊ देत नाही, म्हणून ती सतत छातीच्या पातळीखाली आणि उभीच राहिली पाहिजे. तिची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, त्याने दुसरे काही धरू नये. बाटली कलंडली किंवा नळीचा जोड सुटला तर स्वतः काही बांधाबांध न करता लगेच हाक मारावी. नळी छातीतूनच निसटली तर ती जागा स्वच्छ गॉजने दाबून झाकावी आणि ओरडून मदत बोलवावी. बसते केल्यावर साठलेले काळपट पाणी एकदम नळीत येते, हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. पण ताजे लाल रक्त येऊन ते येतच राहिले, तर मुलाला आडवे करून तत्काळ सांगावे. लघवीची पिशवीही कमरेच्या खालीच असावी.

पोटाजवळून निघालेल्या तारा गरज पडल्यास हृदयाला ठोके देण्यासाठी तात्पुरत्या ठेवलेल्या असतात. ठोके त्या यंत्रावरच अवलंबून असतील तर मुलाच्या चालण्यावर मर्यादा येते, अन्यथा यंत्र नीट अडकवून चालता येते. तारांच्या उघड्या टोकांना हात लावू नये. त्या काढल्यानंतर डॉक्टर मुलाला काही तास पडून राहायला सांगतात, त्या वेळी मात्र चालवण्याचा उत्साह दाखवू नये. मांडीच्या सांध्यात सुई असेल तर तो पाय किती वाकवायचा हे आधी विचारावे.

उठण्याची पद्धत अशी : गुडघे वाकवून, खांदे व कंबर एकदम, मुलाने कुशीवर वळावे. मग पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी तुम्ही खांद्यांच्या पाठीमागे हात घालून त्याला वर आणावे. त्याने तुमचा हात धरून स्वतःला ओढू नये, की तुम्ही त्याचे हात ओढू नयेत. दोन्ही हात छातीशी उशी कवटाळून ठेवले, तर हे आपोआप साधते. घालायला पुढून उघडणारा शर्ट ठेवा. बनियन डोक्यावरून ओढण्याच्या खटपटीत निम्मी रडारड होते.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलाचे ‘ग्लेन’ नावाचे ऑपरेशन झाले. मॉनिटरवर त्याचा ऑक्सिजन ८० दिसतो, शेजारच्या मुलाचा ९८. असे असताना त्याला बसवणे योग्य आहे का?
— एक आजोबा, गोंदिया

उत्तर : शेजारच्या खाटेवरचा आकडा पाहू नका. ज्या मुलांच्या हृदयाचा एकच कप्पा पुरेसे काम करतो, त्यांच्यात या टप्प्यावर शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळलेलेच राहते आणि ७५ ते ८५ च्या आसपासचा आकडा त्यांच्यासाठी अपेक्षित असतो. ग्लेन शस्त्रक्रियेत डोके व हातांकडून येणारे रक्त हृदयात न जाता थेट फुप्फुसांत उतरते. त्यामुळे डोके उंच ठेवून, मान मध्यभागी ठेवून बसवणे या मुलांना उलट सोयीचे असते.

तुमच्या नातवासाठी किती आकड्याखाली थांबायचे, हे डॉक्टरांना विचारून खाटेजवळ लिहून ठेवा. हा एक आकडा ठाऊक असलेले घरचे माणूस वॉर्डाला मोठा आधार असते. हालचालीत आकडा थोडा खाली येऊन विश्रांतीनंतर काही मिनिटांत परत येत असेल, ठोके वाढून पुन्हा उतरत असतील, तर चालते. परत येत नसेल, ओठ नेहमीपेक्षा निळे पडत असतील, नाकपुड्या फुगत असतील, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, थंड घाम येत असेल किंवा मूल एकाएकी गप्प होऊन मलूल पडत असेल, तर लगेच थांबवा आणि बोलवा. मूल हसतखेळत असताना आकडा कोसळला, तर मात्र आधी बोटावरचा चिमटा पाहा. तो सरकलेला असतो किंवा बोट गार पडलेले असते.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. फिजिओथेरपिस्ट दिसले की ती रडायला लागते, खोकायला तर मुळीच तयार नसते. तिच्यावर जबरदस्ती करावी का?
— एक आई, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : जबरदस्ती करून एक दिवस साधतो आणि पुढचे चार दिवस हातचे जातात. रडण्यामागे बहुतेक वेळा वेदना असते, हट्ट नव्हे. वेदनाशामक औषध व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळाले, तर ते व्यायामाच्या वेळी कामास येते. अनेक वॉर्डांत औषधाची वेळ आणि व्यायामाची वेळ यांचा एकमेकींशी संबंध नसतो, आणि ही गोष्ट मला खटकते. पालकांनी सिस्टरांना विनम्रपणे विचारले की बहुतेकदा ती जुळवता येते. किती दुखते ते शब्दांत सांगता येत नसेल, तर हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांचे चित्र दाखवून तिला त्यावर बोट ठेवायला सांगावे.

‘काहीच दुखणार नाही’ असे खोटे सांगू नका. ‘थोडे दुखेल, तू हात वर केलास की आम्ही थांबू’, असे सांगा आणि खरोखर थांबा. खोकण्यापूर्वी बाहुली किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरायला द्या, त्यामुळे हाडाला आधार मिळतो. खोल श्वासासाठी तीन चेंडूंचे यंत्र देतात. त्याचा उपयोग चेंडू वर ओढण्यात, म्हणजे श्वास आत घेण्यात आहे, फुंकण्यात नाही; पुष्कळ मुले उलट करतात. त्याहून लहान मुलांना साबणाचे फुगे आणि भिरभिरे पुरे. चालण्याला काही निमित्त असू द्या : खिडकीपर्यंत जाऊन खाली रस्त्यावरची लाल गाडी शोधायची, सिस्टरांच्या टेबलावर चित्र नेऊन द्यायचे. एकदा खूप चालवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालवावे. दुपारची झोप मोडू नये, आणि जेवल्यावर लगेच व्यायाम नको.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा. शस्त्रक्रियेला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाच आठवडे होतील. लाकडी नंदी ओढत मिरवायचा त्याचा हट्ट आहे.
— एक आजी, महाल, नागपूर

उत्तर : पाच आठवड्यांत हाड पूर्ण जुळलेले असेलच, असे धरून चालता येत नाही. चाके लावलेला हाताएवढा हलका नंदी गुळगुळीत फरशीवर दोन्ही हातांनी दोरी धरून ओढायला बहुधा परवानगी मिळेल. मोठा, जड नंदी दुसऱ्या कोणी ओढावा आणि नातवाने सोबत चालावे. गर्दीत धक्का लागतो, म्हणून मिरवणुकीच्या कडेने आणि थोडाच वेळ. त्याला स्कूटरवर पुढे उभे करून नेऊ नका.

प्रश्न : मुलीची जखम छातीच्या मध्यभागी नसून डाव्या बाजूला, बरगड्यांच्या मधून आहे. तिला हेच नियम लागू होतात का?
— एक वडील, उमरेड

उत्तर : पूर्णपणे नाही. महाधमनीचा अरुंद भाग मोकळा करणे किंवा जन्मानंतर बंद न झालेली वाहिनी बांधणे, अशा काही शस्त्रक्रिया बाजूने करतात. त्यात छातीचे मधले हाड कापलेले नसते, म्हणून त्याच्या मर्यादा लागू नाहीत. येथे अडचण उलट असते. दुखते म्हणून मूल तो हात अंगाशी धरून ठेवते आणि त्या बाजूला कलते. तसेच राहिले तर खांदा आखडतो आणि पुढे पाठीच्या कण्याला बाक येऊ शकतो. वेदनाशामक औषध दिल्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून, तो हात हळूहळू डोक्यावर नेण्याचा सराव रोज करून घ्यावा. कंगव्याने केस विंचरायला लावणे किंवा भिंतीवर बोटे चालवत वर नेणे मुलांना जमते. काखेतून उचलणे मात्र हिच्याही बाबतीत जखम भरेपर्यंत टाळा, आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का, हे सदरा काढून मागून पाहायला सांगा.